पुरीचा तट कोणी पाहिला?

करंजा आज उरण तालुक्यात मोडते. एकोणिसाव्या शतकातील ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ते पनवेल तालुक्याखाली शोधावे लागते. गावाच्या पाठीशी द्रोणागिरीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावरून उत्तरेकडे पाहिले की मुंबई बंदराच्या पाण्यात घारापुरीच्या दोन टेकड्या दिसतात. या परिसरात शाळांची हस्तलिखिते, गावच्या स्मरणिका आणि सहलींचे वृत्तांत यांतून एक विधान वर्षानुवर्षे फिरत आले आहे. ते असे की, घारापुरी म्हणजेच मौर्यांची तटबंदीची राजधानी पुरी, आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने शेकडो जहाजांचा वेढा घालून ती जिंकली. विधान रुबाबदार आहे, स्थानिक अभिमानाला सुखावणारे आहे आणि फळ्यावर एका ओळीत मावणारे आहे. म्हणूनच ते तपासून पाहायला हवे. त्यात मौर्य आहेत, पुरीचे स्थान आहे, तट आहे आणि वेढाही आहे. या चौघांचे वजन मात्र सारखे नाही.

मौर्यांचे आधी उरकू. मौर्य म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे चंद्रगुप्त आणि अशोक येतात, आणि कित्येक वृत्तांतांत पुरी ही चक्क अशोकाची पश्चिमेकडील राजधानी होऊन बसते. पुलकेशीने हरवलेले मौर्य हे कोकणातले छोटे राजघराणे होते. अशोक आणि पुलकेशी यांच्यात आठ शतकांहून अधिक अंतर आहे. वर्गाच्या भिंतीवर कालरेषा टांगलेली असेल तर ही चूक दोन मिनिटांत सुटते.

पुलकेशीच्या स्वारीसाठी आपल्याजवळ जो आधार आहे तो कर्नाटकातील ऐहोळे येथे आहे. तिथल्या मेगुटी या जैन मंदिराच्या भिंतीवर शके ५५६ चा, म्हणजे इ. स. ६३४-३५ चा, संस्कृत शिलालेख आहे. तो रविकीर्ती नावाच्या कवीने रचला. हा कवी स्वतःची तुलना कालिदास आणि भारवी यांच्याशी करतो, यावरून त्याच्या लेखनाची जात लक्षात यावी. लेख समकालीन आहे आणि राजाच्या कारकिर्दीतच कोरलेला आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण ती प्रशस्ती आहे. राजाने पदरी ठेवलेल्या कवीने राजाची थोरवी गायलेली आहे, आणि कोणतीही प्रशस्ती वाचताना हे विसरून चालत नाही.

लेखात कोकणातील मौर्यांचा पराभव येतो आणि लगेच पुढच्या श्लोकात पुरी येते. कवी तिला पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणतो. राजाला तो त्रिपुराचा नाश करणाऱ्या शंकराची उपमा देतो. पुरी आणि पुर या शब्दांवरचा खेळ उघड आहे. शेकडो नौका त्याला मदमत्त हत्तींच्या कळपासारख्या दिसतात. मग ढगांनी भरलेले आकाश समुद्रासारखे आणि समुद्र आकाशासारखा झाल्याचे वर्णन येते. एवढेच. पुरी बेटावर होती की खाडीच्या तोंडाशी, किती मोठी होती, कोणत्या डोंगराजवळ होती, यातले काहीही सांगितलेले नाही.

तट तर नाहीच. आमच्या मते सर्वांत बोलका पुरावा इथेच आहे आणि तो सहसा कोणी पाहत नाही. रविकीर्तीला तटबंदीचे वावडे होते असे मुळीच नाही. त्याच लेखात वनवासीचे वर्णन आहे. वरदा नदीने वेढलेल्या त्या नगराभोवती पुलकेशीच्या सैन्याचा सागर पसरला, तेव्हा जमिनीवरचा किल्ला पाणकिल्ल्यासारखा दिसू लागला, अशी कल्पना कवीने केली आहे. पिष्टपुराच्या बाबतीत तो तिथल्या दुर्गावरच श्लेष करतो. पल्लवांच्या राजाला कांचीच्या तटाआड दडावे लागले, हेही तो आवर्जून सांगतो. म्हणजे जिथे तट जिंकला किंवा शत्रू तटामागे लपला, तिथे कवीने ते श्रेय राजाच्या पदरात टाकले आहे. पुरीच्या श्लोकात मात्र तट, खंदक, वेस यांपैकी काहीच येत नाही. यावरून पुरीला तट नव्हता असे सिद्ध होत नाही. न बोललेल्या गोष्टीवरून एवढी मोठी उडी घेता येत नाही. पण तट होता हे सांगण्यासाठी या श्लोकाचा हवाला देता येणार नाही, एवढे नक्की.

आणि वेढा? किलहॉर्न या जर्मन संस्कृत पंडिताने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा लेख संपादित केला, तेव्हा इंग्रजी भाषांतरात वेढा घालण्याचा अर्थ आला. मूळ क्रियापदाचा सरळ अर्थ चिरडणे, तुडवणे असा आहे, आणि नौकांना हत्तींची उपमा दिल्यावर तोच अर्थ शोभतो. मराठी लेखकांनी इंग्रजी वेढा उचलला. वेढा म्हटल्यावर तट लागतोच, म्हणून तट उभा राहिला. वनवासीचे चित्र नकळत पुरीवर चिकटले असण्याचाही संभव आहे. बरीच शहरे अशीच कागदावर बांधली जातात.

ढगांविषयी जाता जाता. करंज्यातील मासेमारी करणाऱ्या घरातले मूल हा श्लोक ऐकून एक प्रश्न विचारील, आणि तो विचारायला हवा. आकाश ढगांनी भरले होते तर स्वारी पावसाळ्यात झाली का? आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, मग राजाच्या शेकडो नौका कशा आल्या? उत्तर बहुधा असे की हे ढग काव्यातले आहेत. बंदराच्या आतले पाणी उघड्या समुद्राइतके खवळलेले नसते, असेही कोणी म्हणेल. उत्तर काहीही निघो, प्रश्न मात्र अनुभवातून लेखी पुराव्याकडे जाणारा आहे, आणि इतिहासाच्या तासाला असे प्रश्न क्वचित ऐकू येतात.

आता स्थानाकडे वळू. घारापुरीच्या बाजूने पहिला दाखला दिला जातो तो नावाचा. घारापुरीत पुरी आहे, म्हणून तीच पुरी. पण पुरी याचा अर्थच नगरी. कोकणात नुसत्या 'वाडी' या शब्दावरून एखादे गाव शोधायला निघावे, तशातला हा प्रकार. जंजिऱ्याजवळच्या राजपुरीतही पुरी आहे, आणि काही संशोधकांनी तेच स्थान अधिक योग्य मानले आहे.

दुसरा मार्ग वगळण्याचा. एकेक बंदर घ्यायचे, ते का नसावे हे सांगायचे आणि उरेल ते पुरी. या पद्धतीतला एक भाग भक्कम आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत आपला प्रदेश सांगताना 'पुरी ज्यांत मुख्य आहे अशी चौदाशे गावे' असा शब्दप्रयोग येतो. म्हणजे पुलकेशीनंतर कित्येक शतके पुरी हे नाव राज्यकारभारात होते. त्याच काळात ठाणे आणि चौल ही नावे स्थानक आणि चेमुल्य अशी वेगळी येतात. तेव्हा पुरी म्हणजे ठाणे किंवा चौल नव्हे, हा निष्कर्ष पटतो. पण कल्याण आणि सोपारा ही गावे समुद्राकाठी नाहीत, त्यांच्यावर जहाजांनी हल्ला करता आला नसता, म्हणून तीही बाद, हा युक्तिवाद लंगडा आहे. आजच्या नकाशावरून सातव्या शतकाचा किनारा वाचता येत नाही. खाड्या गाळाने भरतात, मिठागरे होतात, भराव पडतात. करंज्यालाच पाहा: जुन्या कागदपत्रांत ते बेट आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटे इंग्रजांकडे राहिली. आज करंज्याला पायी जाता येते आणि न्हावा-शेवा येथे समुद्रात भराव घालून बंदर उभे आहे. दोन-अडीचशे वर्षांत एवढा फरक पडला, तर चौदाशे वर्षांत किती पडला असेल?

एक अडचण आणखी आहे. शिलाहार राजा अनंतदेव याचा शके १०१६ चा, म्हणजे इ. स. १०९४ चा, ताम्रपट खारेपाटणला मिळाला. त्यात काही व्यापाऱ्यांच्या जहाजांना बंदरांवरील जकात माफ केली आहे आणि बंदरांची नावे दिली आहेत: स्थानक, नागपुर, शूर्पारक, चेमुली. त्यांत पुरी नाही. पश्चिम समुद्राची लक्ष्मी म्हणून गाजलेली नगरी साडेचारशे वर्षांनी जकातीच्या यादीत का नसावी? बंदर मागे पडले असेल, किंवा सवलतच चार बंदरांपुरती असेल. घारापुरीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या यादीचा विचार करायला हवा, आणि राजपुरीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीसुद्धा.

राहता राहिला तट. घारापुरीच्या टेकडीवर तोफा आहेत आणि सहलीतील मुलांना त्या लेण्यांपेक्षा जास्त आवडतात. तोफ दिसली की किल्ला, किल्ला दिसला की प्राचीन तटबंदी, असा विचार आपोआप सरकतो. या तोफा इंग्रज अमदानीत मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बसवलेल्या आहेत. द्रोणागिरीवरचे बांधकाम पाहूनही हाच गोंधळ होतो. तिथे आज दिसणारे कोटाचे आणि चर्चचे अवशेष पोर्तुगीज काळातले आहेत. हनुमंताने नेलेल्या द्रोणागिरीशी जोडणारी दंतकथा गावाला प्रिय आहे आणि ती असायलाही हरकत नाही. पण दंतकथेचे वय भिंतीला देता येत नाही.

मग प्राचीन तट ओळखायचा तरी कसा, हा प्रश्न शिक्षकांनी विचारला तर तो रास्तच आहे. त्यासाठी जिथे तट खरोखर सापडला आहे अशा ठिकाणी जाऊ. ओरिसातील शिशुपालगड येथे बी. बी. लाल यांनी १९४८ मध्ये उत्खनन केले. जवळजवळ चौरस नगर, प्रत्येक बाजू सुमारे पाऊण मैल. त्यांनी तटाला काटकोनात चर खणला आणि केक कापल्यावर थर दिसावेत तसा तटाचा छेद समोर आला. सर्वांत जुना तट मातीचा, सुमारे २५ फूट उंच आणि पायथ्याशी ११० फुटांहून रुंद होता. त्यावर पुढे जांभा दगडाच्या खडीचा थर पडला, आणि त्यानंतर विटांच्या दोन समांतर भिंती बांधून मधे माती भरली गेली. दगडी बुरूजच शोधत फिरणाऱ्याला हा तट एखादी लांबट टेकडी वाटला असता.

असे तट महाराष्ट्रातही आहेत, पण ते विदर्भात. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या पवनीला मातीचा तट आणि खंदक आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून तिथे उत्खनन केले, तेव्हा मोठे बौद्ध स्तूपही उजेडात आले. १९९४ मध्ये तिथे पुन्हा खणले गेले. नागपूर जिल्ह्यातील अडम येथेही तट आणि खंदक असलेले नगर मिळाले, आणि 'असक जनपदाची' अशा अर्थाची अक्षरे असलेली मुद्रा मिळाली. सहलींच्या यादीत ही नावे आम्हाला फारशी दिसत नाहीत. मातीच्या उंचवट्यापुढे उभे राहून छायाचित्र चांगले येत नाही, हे कारण असावे.

तटाचे वय ठरवण्यामागचा तर्क आठवीच्या मुलालाही समजतो. तट घालताना आसपासची माती उचलून टाकतात आणि त्या मातीबरोबर जुनी खापरे, मणी, नाणी तटाच्या पोटात जातात. पोटातली सर्वांत अलीकडची वस्तू ज्या काळातली, त्याच्या आधी तट बांधलेला असू शकत नाही. उलट तटाला टेकून नंतर साचलेला सर्वांत जुना थर सांगतो की तो साचला त्या वेळी तट उभा होता. या दोन कड्यांत वय अडकते. पोटात मिळालेल्या एखाद्या फार जुन्या खापरावरून तटही तेवढाच जुना मानणे ही नेहमीची घोडचूक. आज बांधलेल्या भिंतीच्या भरावात आजोबांच्या काळची कौले असतात, म्हणून भिंत आजोबांनी बांधली असे आपण म्हणत नाही.

या कसोटीला घारापुरी लावली तर काय हाती येते? तिथे मातीचा किंवा विटांचा तट छेद घेऊन दाखवला गेला आहे असा दाखला आमच्या वाचनात नाही. कोकणच्या धो धो पावसात मातीचा तट टिकणे अवघड, हे खरे. बेटाला समुद्राचाच खंदक असताना तट हवाच कशाला, असेही कोणी म्हणेल. पण जंजिऱ्याचा तट थेट पाण्यातून वर आलेला आपण पाहतो, तेव्हा तोही नियम नव्हे.

जे आहे ते मात्र कमी नाही. पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडली, आणि मोठे लेणे सहाव्या शतकात कलचुरींच्या आश्रयाने कोरले गेले, या वा. वि. मिराशी आणि पुढे वॉल्टर स्पिंक यांनी मांडलेल्या मताला त्यांचे बळ आहे. ईशान्येला मोराबंदर आहे (उरणचे मोरा ते निराळे). तिथल्या किनाऱ्यावर जुन्या विटा आणि रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. म्हणजे लेणी कोरण्याच्या कित्येक शतके आधी इथे परदेशी माल उतरत होता. तट नसेल, 'पुरी' हे नावही नसेल, तरी बंदर होते, वस्ती होती आणि हलक्या किमतीची नाणी हातोहात फिरत होती. एका राजाच्या एका स्वारीपेक्षा ही माहिती आम्हाला अधिक मोलाची वाटते, कारण तिच्यामागे माणसांचा रोजचा व्यवहार आहे.

नावाचा प्रश्न सोडवू शकेल असा एक पुरावा कदाचित होता. पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु याने लिहून ठेवले आहे की, घारापुरीच्या लेण्यातून एक कोरीव लेखाचा दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला गेला, आणि तिथे तो कोणालाही वाचता आला नाही. पुढे तो दगड हरवला. बेटाला ज्यावरून एलिफंटा नाव पडले तो दगडी हत्ती निदान जवळ तरी आहे: १८६४ मध्ये तो मुंबईला आणला गेला, १९१४ मध्ये त्याचे तुकडे जुळवले आणि आज तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. पण राजबंदरजवळ तो नेमका कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून, कशाच्या शेजारी उभा होता, हे त्याच्या जागेवरूनच कळले असते.

म्हणून सहलींबद्दल थोडे कडू बोलतो. शेटबंदरला उतरायचे, पायऱ्या चढायच्या, त्रिमूर्तीपुढे गटाने छायाचित्र काढायचे, माकडांपासून डबे वाचवायचे आणि परतायचे, हा ठरलेला कार्यक्रम. मोराबंदरकडे कोणी वळत नाही. वळलेच तर दुसरा धोका असतो. उत्साही शिक्षक मुलांना खापरे गोळा करायला सांगतात आणि ती शाळेच्या कपाटात 'प्राचीन अवशेष' अशा चिठ्ठीखाली जाऊन बसतात. कपाटातले खापर मुके असते. ते कोणत्या थरात, कशाबरोबर होते यातच त्याचे सगळे बोलणे होते, आणि ते आपण खिशात घालताना पुसून टाकले. संरक्षित स्थळावरून वस्तू उचलणे कायद्याच्याही विरुद्ध आहे. खापर जागेवरच ठेवून त्याचे चित्र काढावे, काठाची जाडी पट्टीने मोजावी, जागेची खूण नकाशावर करावी. फुटलेल्या काठाच्या गोलाईवरून भांड्याच्या तोंडाचा व्यास काढणे हा भूमितीचा उत्तम पाठ आहे, आणि तो घरच्या फुटक्या माठावरही घेता येतो.

करंजा परिसरातील शाळांना तर इतके दूर जायचीही गरज नाही. शेजारच्या चांजे येथे शिलाहार राजा अपरादित्याचा शके १०६० चा आणि सोमेश्वराचा शके ११८२ चा, तर रानवड येथे सोमेश्वराचाच शके ११८१ चा शिलालेख मिळाला. दान मोडणाऱ्याला शिव्याशाप देणारे गद्धेगाळ या भागात आहेत. मुलांपुढे ते वाचताना शिक्षकांची थोडी पंचाईत होते खरी. 'पुरीप्रमुख चौदाशे गावे' असे राज्य सांगणाऱ्या घराण्याचे हे लेख आहेत. या दगडांत पुरी सापडते का, दान दिलेल्या जागांच्या सीमा कशा सांगितल्या आहेत, त्यांतली कोणती गावनावे आज ओळखू येतात, हे सातवी ते नववीच्या मुलांना छापील वाचनांवरून शोधता येईल. वर्गाचे दोन गट करावेत, एकाने घारापुरीची बाजू घ्यावी आणि दुसऱ्याने राजपुरीची. प्रत्येक मुद्द्याला ऐहोळेचा श्लोक, ताम्रपट, नाणे, वीट किंवा खापर यांतला एकतरी आधार द्यायचा, आणि आधार नसेल तर तो मुद्दा फळ्यावरून पुसायचा. तट असा पुसला जाण्याची शक्यता बरीच आहे.